मराठीच्या आधाराने स्पॅनिश
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून आपण आजवर आरोग्य, पाककला, संतचरित्रे अशा विषयांवर पुष्कळ ऐकले. यंदा कार्यवाहबाईंनी मला सांगितले, "तुम्ही घरी स्पॅनिशच्या शिकवण्या घेता. ती भाषा कशी शिकवता आणि मुळात का शिकवता, एवढेच सांगा." विषय ऐकून आपल्यापैकी काही जणींना वाटले असेल की, अंधेरीच्या बायकांना स्पॅनिशशी काय कर्तव्य आहे? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करते.

आपली अंधेरी ज्या साष्टी बेटावर वसली आहे ते बेट १५३४ साली वसईबरोबर पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि १७३७ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. त्या वर्षी मराठ्यांनी साष्टी घेतली, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला सर केला. आता या दोनशे वर्षांतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांचा राजा एकच होता आणि तो स्पेनचा होता. कारभार पोर्तुगीज अंमलदारांचाच चालला, परंतु मरोळ, चकाला, आंबोली या गावांतील शेतकरी जो सारा भरत होता, तो शेवटी स्पेनच्या फिलिप राजांच्या नावाने. सीप्झच्या आवारात आज ज्या जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, ते सेंट जॉन बॅप्टिस्टचे चर्च १५७९ चे, म्हणजे हा बदल होण्याच्या आदल्याच वर्षीचे. आपल्या मुली रोज त्या भिंतींजवळून कामावर जातात.

त्या काळाने आपल्या स्वयंपाकघरात काय ठेवले ते पाहा. पाव, बटाटा, बादली, चावी, साबण, परात, घमेले, पगार, बिजागरी हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले असे मानले जाते. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. त्यामुळे पावाला स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणतात, चावीला 'यावे', साबणाला 'हाबोन', परातीसारख्या ताटाला 'प्लातो', पैसे चुकते करणे म्हणजे 'पागार', आणि बिजागरी तर 'बिसाग्रा'च. उलट दिशेनेही शब्द गेले आहेत. आपली शर्करा अरबांबरोबर स्पेनला गेली आणि तेथे 'आसूकार' झाली, नारंगाचे 'नारांहा' झाले, आणि चतुरंगाचे 'आहेद्रेस'. तेव्हा स्पॅनिश ही आपल्याला अगदीच परकी नाही. दूरच्या नात्यातली, बऱ्याच वर्षांत न भेटलेली अशी ती पाहुणी आहे.

आता माझ्याविषयी थोडेसे. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी पाचवीपासून, तेही व्याकरणापुरते. पदवी घेतल्यावर फोर्टमधील एका निर्यात कंपनीत पत्रव्यवहार सांभाळण्याच्या कामावर लागले. कंपनीचा माल चिली आणि मेक्सिको या देशांत जाई. तिकडून येणारी पत्रे स्पॅनिशमध्ये असत, आणि त्यांचे भाषांतर येईपर्यंत चार-सहा दिवस जात. त्या पत्रांवर तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा दिसत. मी एका वहीत ते उतरवून ठेवू लागले आणि भाषांतर आले की त्याच्याशी ताडून पाहू लागले. सहा महिन्यांत पत्राचा रोख कळू लागला. मग संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले, परीक्षा दिल्या, आणि पुढे मुले लहान असताना नोकरी सुटली तेव्हा घरीच शिकवण्या सुरू केल्या.

मी ज्या वर्गात शिकले तेथे सारे शिकवणे इंग्रजीतून चाले. मुंबईत बहुतेक ठिकाणी आजही तसेच चालते. माझ्याबरोबर महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेली एक मुलगी होती. कान तीक्ष्ण, स्मरण उत्तम. परंतु इंग्रजीत समजावलेला नियम तिला चटकन कळत नसे. एक दिवस तिला सर्वांदेखत सांगण्यात आले की, "आधी इंग्रजी सुधारा, मग स्पॅनिशकडे वळा." ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मला त्या दिवशी जे वाटले ते अजून वाटते. स्पॅनिशच्या दारात इंग्रजीचा पहारेकरी कशासाठी? जो नियम तिला इंग्रजीतून कळत नव्हता, तो मराठीतून तिला आधीच ठाऊक होता. तो ठाऊक आहे, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. उदाहरणे देते, आपणच न्याय करा.

इंग्रजीत 'मी कॉफी आवडते' अशा घाटाचे वाक्य करतात, कर्ता 'मी'. स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'मे गुस्ता एल काफे', म्हणजे शब्दशः 'मला आवडते कॉफी'. आंबे अनेक असले तर 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आवडतात आंबे'. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटे-सुलटे वाटते आणि त्यावर दोन-दोन तास खर्ची पडतात. मराठी बाईला ते एका मिनिटात कळते, कारण ती जन्मभर तसेच बोलत आली आहे.

दुसरे उदाहरण. आपण 'मी घर पाहते' म्हणतो, परंतु 'मी सीता पाहते' म्हणत नाही, 'सीतेला पाहते' म्हणतो. वस्तूला 'ला' नको, माणसाला हवा. स्पॅनिशमध्येही घर पाहताना काही लागत नाही, पण सीतेला पाहताना मध्ये 'आ' घालावा लागतो. 'बेओ आ सीता.' इंग्रजीत असे काही नाही.

तिसरे, 'तू यावेस असे मला वाटते' या वाक्यातील 'यावेस'. स्पॅनिशमध्ये इच्छा, शंका, आशा व्यक्त करताना क्रियापदाचे वेगळे रूप करतात. 'किएरो के बेंगास', म्हणजे 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे'. परदेशी विद्यार्थी या रूपाला फार भितात. आपल्याकडे 'यावे', 'येवो' अशी रूपे आहेतच. आपण 'देव करो आणि ती येवो' म्हणतो. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'ओहाला बेंगा'. त्यातील 'ओहाला' हा शब्द अरबी भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी 'देवाने इच्छिले तर' हाच अर्थ आहे.

चौथे, भूतकाळ. 'ती गेली' आणि 'ती रोज जाई' हा भेद मराठीत आहे. 'जाई, येई, करी' असा रीतिभूतकाळ आपण शाळेत घोकला होता. स्पॅनिशमध्ये तोच भेद प्रत्येक क्रियापदात पाळतात. आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंचे उपकार मला येथे फार आठवतात.

आणि मान देण्याची रीत? जवळच्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'तू'च म्हणतात. शब्दही तोच, अर्थही तोच, कारण दोन्ही भाषांचे मूळ फार पूर्वी एक होते. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'उस्तेद' म्हणतात. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचा संक्षेप आहे, म्हणून त्याच्यापुढे क्रियापद तृतीयपुरुषी येते. 'सरकारांनी बसावे', 'महाराजांनी आज्ञा करावी' असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेला यात नवल ते काय?

उच्चाराचेही तसेच. स्पॅनिशमध्ये 'त' आणि 'द' आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने लोक 'टू' म्हणतात. आपण सहज 'तू' म्हणतो. लिहिले तसे वाचणे हाही दोन्हींचा समान गुण आहे. काही अपवाद एकदा शिकून घ्यावे लागतात. 'एच' अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला' असा ऐकू येतो. पहिल्या दिवशी हा शब्द सांगितला की वर्गात हसू पिकते. कोणी ओल्या टॉवेलची आठवण काढते, कोणी टॅक्सीची. हसत हसत का होईना, तो शब्द पुन्हा विसरत नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याची पद्धत सांगते.

पहिले दोन आठवडे माझ्याकडे पुस्तक उघडत नाही. नुसते ऐकायचे आणि बोलायचे. मूल जसे आधी ऐकते, तसेच. त्यानंतर महिनाभर शब्द देवनागरीत लिहिण्याची मुभा असते, कारण आपली लिपी ध्वनी चांगले पकडते. मात्र महिना झाला की ती मुभा बंद. शब्दातील आघात कोठे पडतो हे देवनागरी दाखवीत नाही, आणि स्पॅनिशमध्ये आघात बदलला की अर्थ बदलतो. मेक्सिकोत बटाट्याला 'पापा' म्हणतात, आघात पहिल्या अक्षरावर. तोच दुसऱ्या अक्षरावर दिला की त्याचा अर्थ 'बाबा' होतो. आघात चुकला तर बाबांची भाजी होते, असे मी वर्गात सांगते.

शब्दसंग्रह आम्ही स्वयंपाकघरातून सुरू करतो. साखरेच्या डब्यावर 'आसूकार', मिठाच्या बरणीवर 'साल', तांदळाच्या पिंपावर 'आर्रोस' अशा चिठ्ठ्या लावायच्या. रोज पाच शब्द, अधिक नाही. दिवसातून पाच वेळा डबा उघडणाऱ्या बाईला वेगळे पाठांतर करावे लागत नाही. आठवड्याने चिठ्ठी काढून टाकायची आणि डबा उघडताना नाव आठवते का ते पाहायचे. आठवले नाही तर चिठ्ठी पुन्हा लावायची.

क्रियापदे मात्र परवचा म्हटल्यासारखी म्हणायची. 'आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान', म्हणजे मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, त्या बोलतात. रूपावरूनच कर्ता कळतो, म्हणून आपल्याप्रमाणे तेथेही 'मी' वगळून चालते. वर्सोव्याहून घाटकोपरपर्यंत मेट्रोची बारा स्थानके आहेत. माझ्या नोकरी करणाऱ्या विद्यार्थिनी दर स्थानकाला एक क्रियापद मनात म्हणतात. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची ही वीस मिनिटे शतपटीने बरी.

बोलताना चूक झाली तर मी मध्ये थांबवीत नाही. वाक्य पुरे होऊ देते, चूक माझ्या वहीत टिपते, आणि तास संपताना नाव न घेता सर्वांना फळ्यावर दाखवते. प्रौढ बाईला चुकण्याचे भय नसते. हसे होण्याचे असते. ते भय गेले की जीभ आपोआप सुटते.

सारेच सोपे आहे असे मात्र मी कोणाला सांगत नाही. मराठीचा आधार जेथे संपतो ती ठिकाणेही दाखवली पाहिजेत. आपल्याकडे लिंगे तीन, तिकडे नामांना दोनच. आपले 'ते दूध' आणि 'ते पाणी' दोन्ही तेथे 'ती' होतात. नामापूर्वी 'एल' किंवा 'ला' लावण्याची सवय आपल्याला नाही, ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. सर्वांत अवघड म्हणजे आपल्या एका 'आहे'ला त्यांच्याकडे दोन क्रियापदे आहेत. मूळची ओळख किंवा स्वभाव सांगायचा तर एक, आणि सध्याची अवस्था किंवा ठिकाण सांगायचे तर दुसरे. 'एस्ता आबुर्रीदा' म्हणजे ती कंटाळली आहे. 'एस आबुर्रीदा' म्हणजे ती कंटाळवाणी आहे. सुनेविषयी बोलताना हा भेद ध्यानात ठेवलेला बरा!

आता एक आक्षेप. तो मला घरातून, शेजारातून आणि एकदा एका सभेतही ऐकावा लागला. "आपल्या मुलांना धड मराठी येईना, मराठी शाळा ओस पडत चालल्या, आणि तुम्ही स्पॅनिश कसली शिकवता?" या बोलण्यातील कळकळ मला समजते. परंतु माझा अनुभव निराळा आहे. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलगी माझ्याकडे येते, तेव्हा तिला 'मला आवडते' या वाक्यातील कर्ता कोणता हे सांगता येत नाही. स्पॅनिशसाठी म्हणून तिला ते मराठीतून शिकावे लागते. 'जाई' आणि 'गेली' यांतला फरक, 'यावेस' हे रूप, हे सारे ती प्रथमच डोळसपणे पाहते. काही जणी घरी जाऊन आजीला जुने शब्द विचारू लागतात. मराठी ही मागासलेली, घरगुती भाषा असून ज्ञानाचे काम इंग्रजीनेच होते, असा जो समज मुलींच्या मनात नकळत बसलेला असतो, त्याला येथे पहिला धक्का बसतो. मराठी येणे हे अडचणीचे नसून भांडवल आहे, हे मी व्याख्यान देऊन त्यांना पटवू शकले नसते.

शिवाय भाषा शिकून दूर गेलेला माणूस आपल्या माणसांना विसरतोच असे नाही. वर्ध्याचे डॉक्टर पांडुरंग खानखोजे यांचे नाव आपण ऐकले असेल. ते गदर चळवळीतील क्रांतिकारक. इंग्रज सरकारने मायदेशी येण्याची वाट बंद केली तेव्हा ते मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. तेथील शेतकऱ्याशी बोलायचे तर स्पॅनिशमध्येच बोलावे लागे. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

उलट दिशेने आलेली माणसेही आहेत. बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईस आले, सेंट झेवियर कॉलेजात त्यांनी १९२६ मध्ये इतिहास-संशोधनाची संस्था स्थापली, आणि १९५५ मध्ये येथेच देह ठेवला. त्या कॉलेजच्या नावातला 'झेवियर' म्हणजे स्पेनमधील नवारा प्रांतातले हाब्येर हे गाव. बास्क भाषेत त्याचा मूळ अर्थ 'नवे घर'. आपल्याकडे मुलुंडला आणि वसईला 'नवघर' आहे, तसेच ते! स्पेनचेच फादर वालेस अहमदाबादेत गणित शिकवीत. गुजराती शिकण्यासाठी ते तेथील पोळांतल्या सामान्य कुटुंबांत पाहुणे म्हणून वर्षानुवर्षे राहिले, आणि गुजरातीचे मान्यवर लेखक ठरले. १९७८ साली त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. भाषा पुस्तकात कमी आणि घरात अधिक असते, हे त्यांनी दाखवून दिले. माझी डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची पद्धत म्हणजे त्याच विचाराचे एक घरगुती रूप आहे.

आज सुमारे वीस देशांची राजभाषा स्पॅनिश आहे आणि जवळजवळ पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. अंधेरी-मरोळच्या कचेऱ्यांतून त्या देशांशी पत्रव्यवहार चालतो आणि स्पॅनिश जाणणाऱ्यांना तेथे काम मिळते. वर्ग सोडून गेलेल्या त्या मुलीचा पत्ता मी पुढे मिळविला आणि माझी पहिली विद्यार्थिनी म्हणून तिला घरी बोलावले. तीन वर्षे ती आली. नंतर तिने याच भाषेवर आपले आणि धाकट्या दोन भावांचे शिक्षण पुरे केले. तिचे इंग्रजी अजूनही बेताचेच आहे, आणि त्यावाचून तिचे काही अडलेले नाही.

परंतु नोकरीपुरतीच ही गोष्ट नाही. माझ्याकडे त्रेसष्टाव्या वर्षी एक बाई शिकायला आल्या. त्यांची लेक स्पेनमध्ये, जावई तिकडचेच. नातीला मराठी चार शब्द येत; आजीला स्पॅनिश एकही नाही. फोनवर दोघी एकमेकींकडे पाहून हसत आणि दोन मिनिटांत फोन लेकीकडे जाई. "ती माझ्याकडे नुसती बघते हो, आणि मी तिच्याकडे," असे त्या मला म्हणाल्या. त्यांनी दीड वर्ष चिकाटीने अभ्यास केला. आजही दोन 'आहे'मध्ये त्यांचा गोंधळ होतो. परंतु नात त्यांना दुरुस्त करते, आणि आजी तिला त्याच्या बदल्यात एक मराठी शब्द देते. परवा त्या सांगत होत्या की, आता फोन लेकीकडे द्यायला नातच तयार होत नाही.

भगिनींनो, आपल्यापैकी किती जणींची मुले परदेशी आहेत, हे मी विचारीत नाही. किती जणींच्या सुना, जावई, नातवंडे परभाषेत वाढत आहेत, हेही विचारीत नाही. उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. स्पॅनिशच शिका असाही माझा आग्रह नाही. जर्मन असेल, जपानी असेल, नाहीतर शेजारणीची तमिळ असेल. माझे म्हणणे इतकेच की, कोणतीही भाषा शिकण्यासाठी आधी इंग्रजीत पारंगत व्हावे लागते हा समज आपण मनातून काढून टाकावा. आपल्या जवळ मराठी आहे, आणि ती पुरेशी आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. दुपारी तीन ते चार या वेळात आपले सभागृह बहुधा रिकामे असते. आठवड्यातून दोन दिवस ते मिळाल्यास मी सहा महिन्यांचा वर्ग मराठीतून विनामूल्य घेईन. पाच सभासद जमल्या तरी पुरे. मात्र अट एक: प्रत्येक सभासदाने मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी बरोबर आणावी. मावशी आणि भाची, आजी आणि नात, शेजारीण आणि शेजारीण, कोणतीही जोडी चालेल. दोघी मिळून शिकल्या म्हणजे घरी बोलायला माणूस मिळते, आणि एकीने कंटाळून घरी बसायचे ठरविले तर दुसरी तिला हाताला धरून आणते.

कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा अशी विनंती करते.